जमिनीवरचे चौतीस तास

घाटनांदूर,
ज्येष्ठ वद्य पंचमी

चि. बाळास,


तू पाठवलेला तिकिटाचा फोटो पोचला. खाली लिहिलं होतंस, "आत्या, नजर टाक, आज रात्री पैसे भरून टाकतो." मी तुला 'थांब' एवढा एकच शब्द पाठवला आणि फोन बाजूला ठेवला. पुढचं सगळं त्या इवल्या चौकोनात अंगठ्याने लिहिण्यासारखं नव्हतं. दादा उद्या पुण्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. दोन दिवसांत तिकीट महागलं तर वरचे पैसे माझ्याकडून घे, पण पत्र वाचल्याशिवाय भरू नकोस.

आधी आजीचं सांगते. परवा तू तिला फोनवर म्हणालास, पहाटे सव्वाचारला मुंबईहून विमान सुटतं आणि दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरतं. फोन ठेवल्यावर तिने बोटांची पेरं मोजली आणि म्हणाली, "आठ तास. म्हणजे मुंबईपेक्षा जवळच की गं अमेरिका. मुंबईला अकरा लागतात." दादा हसला, वहिनी हसली. मी नाही हसले, कारण तिची वजाबाकी चोख होती. चूक तुझी होती. तू तिला दोन घड्याळांवरच्या वेळा एकाच घड्याळाच्या असल्यासारख्या सांगितल्यास.

तिकिटावर जी वेळ छापतात ती त्या त्या गावची. मुंबईची मुंबईची, तिकडची तिकडची. ऑगस्टात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे असतो. तेव्हा आजीच्या सात तास पंचावन्न मिनिटांत साडेबारा तास मिळव. वीस तास पंचवीस मिनिटं झाली ना? आता दुसऱ्या बाजूने ताळा कर: आखातापर्यंत सव्वातीन तास, तिथे थांबणं एक तास दहा मिनिटं, पुढे सोळा तास. जुळलं. कुठलंही तिकीट हातात आलं की हा ताळा करून बघत जा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात, मग अंतर साडेतेरा तासांचं होतं आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तसंच राहतं. दिवाळीचा फोन नोव्हेंबरात गेला तर आजी तासभर आधी येऊन बसेल, हे लक्षात ठेव.

परत येताना गंमत उलटी होते. सोमवारी रात्री नऊला तिथून थेट निघालास आणि सतरा तास उडालास, तरी इथे उतरशील बुधवारी पहाटे अडीचला. मधला मंगळवार तुझ्या वाट्याला जेमतेम विमानाच्या खिडकीतून येणार. वहिनी सोमवार-मंगळवारचा उपास धरून तुझी वाट बघायची, म्हणून आत्ताच सांगितलं.

वेळ ही माणसांनी ठरवलेली गोष्ट आहे, हे वर्गात सांगितलं की पोरं जांभया द्यायची. आपल्या देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं. आपलं घाटनांदूर त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला अजून चोवीसेक मिनिटं असतात. मुंबईने तर १९०६ मध्ये देशाची वेळ ठरल्यावरही आपली निराळी 'बॉम्बे टाइम' सोडली नव्हती. एकोणचाळीस मिनिटं मागे असलेलं ते घड्याळ १९५५ पर्यंत शहरात चालत होतं. तेव्हा तू गोंधळलास यात विशेष काही नाही, पण आजीला गोंधळात टाकू नकोस.

आता अंतर. तू लिहिलंस की एका ठिकाणी मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर दिसतं, दुसऱ्या ठिकाणी पंधरा हजार, यातलं खरं कुठलं? दोन्ही. पण ते कळायला नकाशा बाजूला ठेवावा लागेल. मी आजीला हे काल ओसरीवर दाखवलं. तांब्याची घागर घेतली, तिच्या फुगीर पोटावर खडूने दोन ठिपके काढले, एक मुंबईचा, एक सॅन फ्रान्सिस्कोचा, आणि वाकळ शिवायचा दोरा दोन्ही ठिपक्यांवर ताणून धरला. दोरा ताणला की आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. आजीला वाटलं होतं तो आडवा जाईल, अरबस्तान, युरोप, समुद्र असा. तो गेला वर, घागरीच्या गळ्याकडे. मुंबईतून जवळजवळ उत्तरेला तोंड करून राजस्थान, पंजाब, काश्मीर, मध्य आशिया, सैबेरिया, उत्तर ध्रुवाजवळचा बर्फाळ समुद्र, आणि मग अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियात. ही दोऱ्याची लांबी म्हणजे साडेतेरा हजार. सपाट नकाशा भिंतीवर टांगायला ठीक असतो, पण त्याच्यावर पट्टी ठेवून अमेरिका मोजता येत नाही.

मात्र विमान दोऱ्यावरून जातंच असं नाही. तिबेटचं पठार वाटेत आलं तर वैमानिक शक्यतो बगल देतात. विमानातला हवेचा दाब गेला तर त्यांना झटकन तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथली जमीनच साडेचार हजारांवर. शिवाय माणसांची भांडणं आहेत. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं आणि आपणही त्यांना. २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्या रशियावरून जात नाहीत. शेताला जायचा बांध शेजाऱ्याने अडवला की आपण ओढ्याकडून वळसा घालतो, तेच तिकडे दहा किलोमीटर उंचीवर चालतं, फक्त वळसा हजार-पाचशे किलोमीटरचा पडतो आणि इंधन तेवढं जास्त जळतं.

तुझ्या तिकिटावरचा रस्ता आखातातून आहे. मुंबई-दुबई साधारण १,९३० किलोमीटर, दुबई-सॅन फ्रान्सिस्को १३,००० च्या थोडं वर. बेरीज १५,००० च्या आतबाहेर, म्हणजे सरळ दोऱ्यापेक्षा दीडेक हजारच जास्त. आखातातल्या विमानतळांचं सगळं दुकान या एका गोष्टीवर उभं आहे की जगातल्या बऱ्याच लांबच्या दोऱ्यांच्या जवळ ते बसलेत. तेच तू सिंगापूरवरून गेलास तर साडेसतरा हजार होतील. तिकीट स्वस्त दिसलं की असा हिशेब करून बघ. ताशी नऊशे किलोमीटर धर, चढण्या-उतरण्याचा अर्धा-पाऊण तास टाक, आणि विमान पश्चिमेला जात असेल तर वाऱ्याचा आणखी थोडा. छापलेली वेळ त्याच्या आसपास आली नाही तर मध्ये कुठेतरी थांबा लपलेला आहे असं समज.

वाऱ्याचं बोलले तर ते पुरं करते, माझ्या आवडीचा विषय आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर तर सहज. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी वेधशाळेतल्या माणसाने १९२० च्या दशकात फुगे सोडून त्या मोजल्या होत्या, आणि जगाला कळावं म्हणून अहवाल लिहिला एस्पेरांतो भाषेत. त्यामुळे तो कुणी वाचलाच नाही! या वाऱ्यामुळे मुंबईहून न्यूयॉर्कला जायला जास्त वेळ लागतो आणि यायला तास-दीड तास कमी. आणि याच वाऱ्यामुळे एक उरफाटी गोष्ट घडली. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेने अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेलं. रस्ता चौदाशेएक किलोमीटर वाढला, १५,३०० झाला, आणि विमान सुमारे दोन तास लवकर पोचलं, साडेचौदा तासांत. अंबाजोगाईहून सायकलवर येताना वारा पाठीशी असला की घाटनांदूर जवळ येतं, हे तुला मी सांगायला नको.

आजीने घागरीवरचा दोरा बघून एक प्रश्न विचारला, तो तुला सांगते. म्हणाली, "इथून खाली सरळ आड खणत गेलं तर कुठं निघेल?" मी मोजून सांगितलं, प्रशांत महासागरात, ईस्टर बेटाच्या ईशान्येला हजारभर किलोमीटरवर. ती म्हणाली, "म्हणजे पाणी लागेल." बीड जिल्ह्यातल्या बाईलाच हे सुचावं.

आता तुझ्या तिकिटाकडे येते, कारण 'थांब' मी त्याच्यासाठी म्हटलं. ते एक तिकीट नाही रे, दोन आहेत. मुंबई-आखात एका कंपनीचं, पुढचं दुसऱ्या कंपनीचं, वेगवेगळे क्रमांक, आणि मध्ये सत्तर मिनिटं. नऊ हजार वाचतात म्हणून तू खूश झालास. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला तुझ्याशी काही देणंघेणं नाही. तू वेळेवर आला नाहीस, एवढंच तिच्या वहीत लिहिलं जाईल. तुझी बॅग पहिल्याच कंपनीच्या पट्ट्यावर फिरत राहील. ती घ्यायला बाहेर जायचं तर त्या देशाची परवानगी लागेल, आणि काही देशांत तर नुसतं विमान बदलायलाही कागद लागतो. एकाच क्रमांकाचं तिकीट असेल तर बॅग सहसा पुढे आपोआप जाते, आणि विमान चुकलं तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर येते.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. २०१२ साली माझ्या लेकीच्या, तुझ्या ताईच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघाले तेव्हा युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर मला दीड तास होता. दीड तास म्हणजे किती, असं मला वाटलं होतं? शाळेतल्या दोन तासिका! पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा टेकलं. मग बसने इमारतीपर्यंत, मग पुन्हा तपासणी, पायातले जोडे काढा, पिशवी उघडा. तपासणाऱ्या बाईला डिंकाचे लाडू म्हणजे काय ते समजावण्यात दहा मिनिटं गेली. दारापाशी पोचले तेव्हा विमान काचेपलीकडे उभं होतं आणि दार बंद झालेलं. माझं तिकीट एकच होतं म्हणून दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळाली. रात्र बाकावर काढली, पदर तोंडावर घेऊन. जावई न्यूअर्कला दोनदा येऊन गेले. इथे दादाने शेजाऱ्यांना सांगून टाकलं होतं की ती पोचली, कारण तिकिटावर तशी वेळ होती. तेव्हा सत्तर मिनिटांच्या भानगडीत पडू नकोस. मध्ये तीन-चार तास धर. कंटाळा येईल, आला तर येऊ दे.

लहानसहान पण महागात पडणाऱ्या चुका सांगून ठेवते. पहाटे सव्वाचार, १२ ऑगस्ट, याचा अर्थ ११ च्या रात्री विमानतळावर. १२ ला रात्री आरामात जाणारे लोक मी पाहिलेत. दुसरं, मुंबईत आता विमानतळ दोन झालेत. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडायला लागली. तिकिटावर तीन अक्षरांची खूण असते ती वाच: बीओएम म्हणजे सहारचा जुना, एनएमआय म्हणजे पनवेलकडचा नवा. तिसरं, तुझं कॉलेज सॅन होजेला आहे, आणि सॅन होजे कोस्टारिका देशाच्या राजधानीचंही नाव आहे. हसू नकोस. घाटनांदूरचं पार्सल केज तालुक्यातल्या नांदूरघाटला जाऊन पडल्याचं तू लहानपणी अनुभवलं आहेस, तुझीच क्रिकेटची बॅट होती. अमेरिकेत शिरताना पहिल्या विमानतळावर सहसा सगळं सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. तू थेट सॅन फ्रान्सिस्कोलाच उतरणार असशील तर प्रश्न नाही, पण न्यूयॉर्कला विमान बदलायचं ठरलं तर या कामाला दोन तास धर.

आता आपल्या घरापासूनचा हिशेब. विमानाची वेळ विमानतळ ते विमानतळ असते, आणि आपल्या गावात विमानतळ नाही. लातूरचा आहे, पण तिथून मुंबईचं विमान मिळेल अशा भरवशावर निघू नकोस. मी कागदावर मांडलं ते असं. घाटनांदूर ते कल्याण, मामाच्या घरी, गाडीने अकरा तास. कावळ्याच्या वाटेने मुंबई चारशे किलोमीटरच्या आत आहे, पण रस्त्याने बीड, अहिल्यानगर, माळशेज घाट करत साडेचारशेच्या पुढे जाते. मामाकडे जेवण-झोप दहा तास. विमानतळापर्यंत दोन. तिथे आधी पोचणं चार. हवेत सव्वातीन. आखातात थांबणं चार. हवेत सोळा. उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान दोन. सॅन होजेला खोलीपर्यंत एक. बेरीज सव्वात्रेपन्न तास. त्यातले हवेतले सव्वाएकोणीस. उरलेले चौतीस जमिनीवरचे.

आठवडाभर तू त्या सव्वाएकोणीस तासांवर डोकं खपवतो आहेस: कुठलं विमान अर्धा तास लवकर पोचतं, कुठल्या विमानात पाय लांब करता येतात. त्या तासांत तुझ्या हातात काहीही नाही. वैमानिक आहे, वारा आहे, तू पट्टा बांधून बसायचंस. खरी माती होते ती जमिनीवरच्या चौतीस तासांत, आणि तिथे अक्कल चालवायला भरपूर वाव आहे. ऑगस्टात माळशेजला दरड येते, धुकं असतं, कधी दिवसभर घाट बंद होतो. म्हणून मामाकडचे दहा तास मला वीस करायचे आहेत. एक दिवस आधी निघ. मुक्काम वाया गेला असं वाटलं तर मामीच्या हातचं जेव.

आणखी एक. पुण्यात राहून तुला मुंबईशिवाय दुसरा विमानतळ दिसेनासा झाला आहे. आपल्या गावाला हैदराबाद जवळ आहे. आजीच्या लहानपणी तर तीच राजधानी होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि आपल्या स्टेशनातून जाणारी रेल्वेसुद्धा परळीहून विकाराबादकडेच जाते. शमशाबादचा विमानतळ उदगीर-बिदरवरून सात तासांत येईल, वाटेत माळशेज नाही. हैदराबादहून दुबई मुंबईपेक्षा सहाशेएक किलोमीटर लांब, म्हणजे हवेत पाऊण तास जास्त. जमिनीवरचे सहा तास देऊन हवेतला पाऊण तास घ्यायचा, हा सौदा मला बरा वाटतो. तिथल्या तिकिटाची किंमत बघून मला सांग.

(रेल्वेवरून आठवलं. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झाला, आणि बीडला पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तेरा हजार किलोमीटर सोळा तासांत आणि अहिल्यानगर ते बीड तीस वर्षांत. दादाला हे लिहिलेलं आवडणार नाही, तो त्या उद्घाटनाला गेला होता.)

सामानाचं वहिनी बघेल, पण तिला आवर. येसर, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट चालेल, नीट बंद करून मोठ्या बॅगेत. तूप हातातल्या पिशवीत नको, विमानतळावर ते पातळ पदार्थात धरतात आणि शंभर मिलिलिटरच्या वर काढून घेतात. ताजी फळं, बी-बियाणं, कढीपत्ता अजिबात नको. खाण्याचं काही आहे का, असं उतरल्यावर विचारतात, तिथे 'हो' सांग. 'नाही' सांगून पकडलं जाण्यापेक्षा 'हो' सांगून दोन मिनिटं बॅग उघडणं सोपं. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेव. कागदपत्रं, चार्जर, एक शर्ट, तोंड पुसायचा पंचा हेही हातात, कारण बॅगा कधीकधी आपल्यामागून येतात. दर दोन तासांनी उठून चाल, पाणी पी. पोचल्यावर शरीराला नवं घड्याळ लागायला वेळ लागतो, साधारण दिवसाला एक तास धर. तुझी तर दिवसाची रात्र होणार आहे. पहिल्या आठवड्यात रात्री तीनला जाग येईल आणि सगळं चुकलं असं वाटेल. त्या वेळी खोली बदलायचा, विषय बदलायचा किंवा परत यायचा निर्णय घेऊ नकोस. इथे तेव्हा दुपारचे साडेतीन असतील, मी चहा करत असते. मला फोन कर.

आता शेवटचं, आणि त्यासाठीच मी कागद घेतला.

आजीला साडेतेरा हजार किलोमीटर म्हणजे काय ते घागरीमुळे कळलं, आणि सोळा तासही कळले. पण तिच्या मनात वेगळा हिशेब चालला आहे. दूर जाणं आपल्या तालुक्याला नवं नाही. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जातात, सांगली-कोल्हापूर, कर्नाटकात. मागे राहिलेली म्हातारी माणसं ते किती किलोमीटर आहे हे विचारत नाहीत, कधी येणार एवढंच विचारतात. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने. तेव्हा कुणी 'बोलावलं तर लगेच ये' असं म्हणूच शकत नव्हतं. विमानाने हे बदललं, आणि 'लगेच' या शब्दाने घरोघरी घोटाळा करून ठेवला.

तुझे काका गेले तेव्हा ताईला पहाटे फोन केला. तिला त्याच रात्रीचं तिकीट मिळालं, नशीब म्हणायचं. दोन विमानं, मुंबईहून टॅक्सी. फोन केल्यापासून उंबऱ्यावर पाय ठेवेपर्यंत तिला पन्नास तास लागले. आम्ही थांबलो नाही, थांबवता येत नव्हतं. ती आली तेव्हा सावडायला निघालो होतो. ती मला एकच म्हणाली, "आई, मी सोळा तासांवर आहे असं तूच सगळ्यांना सांगायचीस." सांगायचे, खरं आहे. गावात मोठेपणा वाटायचा.

म्हणून तू इथे येशील तेव्हा आजीजवळ बस आणि तिला खरं सांग. साडेतेरा हजार सांगू नकोस, सोळा तास सांगू नकोस. तिला सांग की तू बोलावलंस आणि त्याच दिवशी तिकीट मिळालं, तरी मला यायला अडीच दिवस लागतील, तीनही लागतील, आणि परीक्षा असेल तर कदाचित येणारही नाही. ती रडेल असं वहिनीला वाटतं. मला नाही वाटत. तिने काल मला न विचारताच पेरं मोजली होती आणि तीनवर थांबली होती.

तिकीट काढलंस की दोन्ही वेळा कळव, इथली आणि तिथली. दारामागच्या कालनिर्णयवर मी दोन रंगांत लिहिणार आहे.

तुझी,
आत्या

ता.क. आजी विचारते आहे की धपाटे किती दिवस टिकतात. कोरडे भाजले तर चार दिवस, असं मी सांगितलं. तिने हिशेब करून एक जास्तीचा डबा काढला आहे. हातातल्या पिशवीत जागा ठेव.